टाइलवरचा डाग पुसू नये

मी, खाली सही करणारी, गल्लीत शिलाईवाली काकू म्हणून ओळखली जाणारी, एका स्टोअरकीपरची विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्यांनी विचारलं, "आजी, झोप लागते का?" म्हटलं, लागते. "मनाला काही वाटतं का?" म्हटलं, नाही. त्यांनी सही केली.

कलम एक, घर. पतीच्या पश्चात माझ्या नावावर झालेलं हे घर मी मेल्यावर विकावं आणि येईल ती रक्कम मुलगा व मुलगी यांनी निम्मी-निम्मी घ्यावी. मी आहे तोवर ते विकणार नाही. दलालाला तसं कळवलं आहे. कारण पुढे देते, म्हणजे मागाहून कोणी तर्क लढवायला नको.

माझे पती बांधकाम ठेकेदाराकडे सामानाची कोठी सांभाळत. साइटवर सगळे त्यांना 'कुलूप' म्हणत आणि ते त्यांना आवडायचं. कामावर उरलेल्या टाइल्स, नळ, बेसिन ते ठेकेदाराकडून स्वस्तात घेत आणि घरी आणून माळ्यावर ठेवत. "घर विकताना बसवू. वापरलं की भाव पडतो," म्हणत. मुलगी पाळण्यात होती तेव्हा स्वयंपाकघरासाठी खिडकी आणली, चौकट, काचा, कड्यांसकट. तीही माळ्यावर गेली. खाली मी दिवसा दिवा लावून स्वयंपाक करायची आणि सुईत दोरा ओवायला बाहेरच्या पायरीवर जायची. गळक्या नळाला फडकं बांधलेलं असायचं. नवे नळ वर खोक्यात होते. असाच संसार झाला.

मुलगा वेगळा राहतो. तो वाईट नाही, हे इथे नमूद करते. पण खाण तशी माती. वडील गेल्यावर त्याने दलाल आणला. दलाल माळ्यावर चढला आणि खाली येऊन म्हणाला, "काकू, तुमच्याकडे तर खजिना आहे! हे सगळं बसवून घ्या, रंग काढा, मग बघा भाव कसा चढतो ते."

मुलाने लावलेल्या गवंड्याने भिंत फोडली. दुपारी खिडकी बसली आणि नव्या ओट्यावर ऊन आलं. गवंडी म्हणाला, "आजी, बघा की केवढा उजेड!" मी बघितला. आनंद व्हायला हवा होता, राग आला असता तरी चाललं असतं. दोन्हीपैकी काही आलं नाही. मोतीबिंदूमुळे आता सुईचं भोक तसंही दिसत नाही. चणे आहेत तर दात नाहीत, एवढंच मनात आलं, आणि मी चहा ठेवायला गेले.

मुलगा धावत आला. "आई, गिऱ्हाईक येईपर्यंत ओट्याला हात लावू नकोस हं. डाग पडला तर सगळा खर्च पाण्यात." तेव्हापासून मी मागच्या बोळात स्टोव्हवर रांधते. नव्या न्हाणीघराला कुलूप आहे, किल्ली मुलाकडे असते.

गेल्या आठवड्यात एक जोडपं घर बघायला आलं. बाई खिडकीपाशी थांबली ती हलेना. मग मला म्हणाली, "काकू, ही खिडकी सोडून जाताना जिवावर येईल ना तुमच्या?"

मी म्हटलं, "माहीत नाही. मी अजून तिथे उभी राहिले नाही."

मुलगा उगाच हसला. ती बाई हसली नाही.

ते गेल्यावर मी बोळातली कढई आत आणली आणि ओट्यावर तळण काढलं. तेल उडून पांढऱ्या टाइलवर डाग पडला. तो पुसला नाही. संध्याकाळी मुलाने येऊन बघितलं. "आई, हे काय केलंस?"

"स्वयंपाक," मी म्हटलं.

कलम दोन. शिलाई मशीन मुलीला. मोठी झाल्यावर पायरीवर बसून माझ्या सुया तीच ओवून द्यायची. मशीन झाकून ठेवू नये, वापरावं. मोडलं तर मोडलं.

कलम तीन. पतींचं कोठीचं पितळी कुलूप भंगारवाल्याला द्यावं. त्याबद्दल मला आणखी काही म्हणायचं नाही.

कलम चार. माळ्यावर एक नळ उरला आहे. तो मुलाला, आणि तो त्याने मिळाला त्याच दिवशी स्वतःच्या घरी बसवावा. त्याच्या स्वयंपाकघरातला नळ गळतो. सून फडकं बांधते. मी पाहिलं आहे.

कलम पाच. विक्रीच्या वेळी टाइलवरचा डाग कोणीही पुसू नये. दलाल म्हणेल, भाव पडेल. पडू द्यावा.

वरील मजकूर मी वाचून, समजून सही केली आहे. अक्षर मोठं आहे, त्याला इलाज नाही.

साक्षीदार: खिडकी बसवणारा गवंडी (सही). समोरची शेजारीण (सही, चहा घेऊन गेली).

सही: शिलाईवाली काकू
दिनांक: दाखल्यावर आहे तोच
ठिकाण: स्वयंपाकघर, खिडकीपाशी. दिवा न लावता लिहिलं.