घड्याळकाकांच्या हातांसाठी दहा दिवसांची मुदत

दिनांक : १४ नोव्हेंबर, बुधवार

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
व्यवसाय परवाना कार्यालय,
तळमजला.

विषय : बाकावरील घड्याळकाकांचे प्रकरण येत्या शुक्रवारी बंद न करता आणखी दहा दिवस प्रलंबित ठेवणेबाबत.

संदर्भ : १) प्रतीक्षागृहातील भिंतीवर चित्र काढण्याचा कार्यादेश, आपल्या आधीच्या साहेबांच्या सहीचा.
२) सूचना फलकावरील नोटीस : "सर्व अपूर्ण प्रकरणे शुक्रवार दि. १६ रोजी बंद करण्यात येतील."

महोदया,

१. अर्जदार हा व्यवसायाने चित्रकार असून गेले सात महिने आपल्या प्रतीक्षागृहातील मोठ्या भिंतीवर चित्र काढत आहे. भिंत बावीस फूट लांब असून तिच्यासमोर नागरिकांसाठी तीन बाके आहेत. कार्यादेशात चित्राचा विषय "समाधानी नागरिक" असा नमूद आहे. अर्जदाराने पहिल्याच दिवशी प्रतीक्षागृहात इकडून तिकडे नजर फिरवली असता समाधानी नागरिक औषधालाही सापडला नाही. याचे कारण शिपाईमामांनी समजावून सांगितले ते असे, की ज्याचे समाधान होते तो लगेच घरी जातो, इथे कशाला बसेल? त्यामुळे आधीच्या साहेबांच्या तोंडी परवानगीने अर्जदाराने वाट पाहणारे अकरा नागरिक काढायला घेतले. माणसे तीच, बाके तीच, फक्त समाधान व्हायचे बाकी आहे, असे साहेबांना सांगितले व ते त्यांना पटले.

२. अर्जदार समोर बसलेला जिवंत माणूस पाहूनच चित्र काढतो. ही त्याची खोड म्हणा किंवा मर्यादा म्हणा. फोटोवरून काढायला गेल्यास चेहरा जमतो पण माणूस जमत नाही, आणि मनाने काढायला गेल्यास सगळ्यांचीच नाके अर्जदाराच्या मेहुण्यांसारखी होतात. आधीच्या साहेबांच्या काळात याची काहीच अडचण नव्हती. माणूस एकदा बाकावर टेकला की दोन-तीन आठवडे जागचा हलत नसे. इतके निश्चल नमुने कलाशाळेतही मिळत नाहीत. साहेबांच्या बदलीच्या दिवशी सगळा हॉल आनंदात होता आणि एकट्या अर्जदाराच्या डोळ्यांत पाणी होते, हे येथे प्रामाणिकपणे नमूद करणे भाग आहे.

३. कामात किरकोळ अडथळे येतात, त्यांबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. रोज दहाच्या ठोक्याला आपल्या जागेवर हजर असलेला तो हॉलमधला एकमेव इसम असल्याने लोक त्यालाच फॉर्म मागतात. हातात ब्रश आणि गालाला निळा रंग पाहूनही मागतात. आता कोणत्या कामाला कोणता फॉर्म हे त्याला तोंडपाठ झाले आहे. मेमध्ये कोणीतरी कॅलेंडर अडकवायला एका चितारलेल्या बाईंच्या मानेत खिळा ठोकला. एक गृहस्थ ओल्या रंगाला टेकले व भाजीवाल्या मावशींचा उजवा गाल कोटाच्या पाठीवर घेऊन घरी गेले. तो गाल पुन्हा काढला. दिवसातून निदान तिघेजण मागे उभे राहून विचारतात, "हे छान आहे हो, पण काम काय करता?" अर्जदाराच्या सासूबाईंनी तर एकदा प्रत्यक्ष येऊन पाहणी केली आणि म्हणाल्या, "आमचं अख्खं घर रंगवायला दोन दिवस लागले होते. तुम्हांला एका भिंतीला सात महिने?" अर्जदाराने त्यांना बसायला बाक पुसून दिले. सकाळी पहिला रंग कालवताना जो आनंद होतो तो सासूबाईंना कळला असता तर बरे झाले असते.

४. खरी अडचण आपण दोन महिन्यांपूर्वी सूत्रे हाती घेतल्यापासून सुरू झाली. महोदया, रागावू नये, पण आपल्या कार्यालयात कामे होऊ लागली आहेत. छत्रीवाल्या बाईंचा डावा डोळा रंगवून अर्जदार ब्रश धुवायला गेला, तेवढ्यात त्यांच्या शिकवणीवर्गाचा परवाना मंजूर झाला. परत येऊन पाहतो तर बाक मोकळे. बेकरीवाल्यांचे गुडघ्याखालचे पाय राहिले. दोघी बहिणींपैकी एकीचाच चेहरा झाला, दुसरीच्या जागी खडूचा अंडाकार आहे. अर्जदाराने छत्रीवाल्या बाईंना फोन करून पुन्हा बोलावले. त्या बिचाऱ्या आल्या, बसल्या, छत्रीही आणली, पण परवाना मिळालेला असल्याने त्यांचे ओठ काही केल्या खाली येईनात. "मी प्रयत्न करतेय हो," असे म्हणून त्या आणखीच हसू लागल्या. काम झालेला माणूस वाट पाहायला बसत नाही व बसला तरी वाट पाहत नाही, हा धडा अर्जदार त्या दिवशी शिकला.

५. सध्या बाकावर भरवशाचे असे एकच गृहस्थ उरले आहेत. ते घड्याळे दुरुस्त करत असत, म्हणून हॉलमध्ये सगळे त्यांना घड्याळकाका म्हणतात. नजर आता साथ देत नसल्याने त्यांना दुकानाचा परवाना मुलीच्या नावे करून हवा आहे. मुलगी त्यांच्याच हाताखाली तयार झालेली कारागीर आहे. ती सध्या दुसऱ्याच्या दुकानात राबते आणि स्वतःच्या दुकानाचे शटर पाच महिने खाली आहे. काकांचा अर्ज "अपूर्ण" असा शिक्का बसून तीनदा परत आला. काय अपूर्ण आहे ते शिक्का सांगत नाही. ते रोज दहा ते दोन बसतात. चाळीस वर्षे वाकून काम केल्याने त्यांना स्थिर बसता येते, फक्त हात स्थिर नसतात. मांडीवर ठेवलेल्या हातांची बोटे सारखी काहीतरी बारीक उचलतात, फिरवतात आणि परत जागेवर ठेवतात, आणि काकांना त्याचा पत्ताही नसतो. अर्जदाराने आयुष्यात पुष्कळ हात काढले आहेत, पण असे हात पाहिले नाहीत. काकांचे डोके, खांदे, पिशवी, चप्पल सर्व झाले. हात अकरा वेळा काढून अकरा वेळा पुसले. परवापासून मात्र कागदावरच्या कच्च्या रेखाटनात ते कुठे थोडे जमू लागले आहेत.

६. अशा ऐन वेळी संदर्भ क्र. २ ची नोटीस लागली. त्यानुसार शुक्रवारी काकांचे प्रकरण बंद होईल आणि वर्षभर नवा अर्ज घेतला जाणार नाही. हा काकांवर अन्याय होईल. म्हणून केवळ माणुसकीच्या दृष्टीने त्यांचे प्रकरण बंदही करू नये व मंजूरही करू नये, तर दहा दिवस आहे तसेच राहू द्यावे, ही नम्र विनंती. फाईल रखडत ठेवा अशी मागणी करणारा अर्जदार हा या कार्यालयातील पहिलाच नागरिक असावा, याची त्याला जाणीव आहे.

(येथे "आपला नम्र" असे लिहिले होते, ते खोडले आहे. यापुढे मुद्द्यांना क्रमांक घातलेले नाहीत. अर्ज नव्याने लिहायला वेळ नाही, खिडकी दोनला बंद होते.)

महोदया, वरील सहा मुद्दे लिहून होईपर्यंत साडेबारा वाजले होते. अर्जदार शिडीच्या खालच्या पायरीवर बसून लिहीत होता. ते पाहून घड्याळकाका बाकावरून सरकत सरकत जवळ आले. "अर्ज का? द्या इकडे," ते म्हणाले. "तीनदा परत आलाय माझा, आता या कामात मी मुरलोय." अर्जदाराची पाचावर धारण बसली, कारण अर्जभर त्यांचाच उल्लेख होता. परंतु काकांनी मजकूर वाचलाच नाही. एवढे वाचणे त्यांच्या डोळ्यांना झेपत नाही. त्यांनी खिशातून घड्याळे दुरुस्त करताना लावायचे भिंग काढून डोळ्यावर बसवले, कागद नाकाशी धरला आणि तारीख, समास व शेवटची ओळ तेवढी तपासली. मग म्हणाले, "सही राहिलीय की हो! असाच दिला असतात तर परत आला असता, आणि तुमचे दिवस उगाच फुकट गेले असते." आणि त्यांनी स्वतःचे पेन टोपण काढून अर्जदाराच्या हातात दिले.

अर्जदाराला ते पेन धरवेना. त्याला आपली लाज वाटली. या लाजेचे कारण मुद्दा क्र. ५ मध्ये मुद्दाम गाळलेले आहे, ते आता लिहितो.

दि. २९ ऑक्टोबर रोजी काकांनी आपला परत आलेला अर्ज पिशवीतून काढून अर्जदाराला दाखवला होता. "तुम्ही चित्रकार, तुमची नजर बारीक. बघा बरं काय राहिलंय," असे त्यांनी शब्दशः विचारले होते. रिकामी जागा दिसणे हाच अर्जदाराचा धंदा आहे. ती त्याला क्षणात दिसली. पान तीनच्या मागच्या बाजूला, अगदी फिकट छापलेली चौकट आहे, "परवाना ज्यांचे नावे करावयाचा त्यांची सही". त्यात मुलीची सही नव्हती. तेवढीच नव्हती. त्या दिवशी हात पाचव्यांदा पुसलेले होते. अर्जदाराने पान सुलटे केले, घडी घातली आणि म्हणाला, "सगळं ठीक दिसतंय, काका." काकांनी त्यावर विश्वास ठेवून तोच अर्ज पुन्हा दिला, आणि गेल्या सोमवारी तो तिसऱ्यांदा परत आला. म्हणजे मुलीच्या दुकानाचे सोळा दिवस आपल्या कार्यालयाने खाल्लेले नसून अर्जदाराने खाल्ले आहेत. त्याबद्दल कारकून भाऊसाहेबांना कोणी बोल लावू नये.

हे सर्व अर्जदाराने काकांना तिथेच, शिडीपाशी, सांगून टाकले. काकांनी भिंग काढले. "तुम्हांला तेव्हाच दिसलं होतं?" त्यांनी विचारले. अर्जदार हो म्हणाला. काकांचे हात प्रथमच अगदी शांत होते. रागावले असते तर बरे वाटले असते. मग ते म्हणाले, "माझ्याकडे एकदा एक जुनं टेबलावरचं घड्याळ आलं होतं. दुरुस्त झालं, तरी गिऱ्हाइकाला सांगितलं, पार्ट मिळत नाही. काय टिकटिक होती त्याची! आठ दिवस ठेवून घेतलं." एवढे बोलून ते स्वतःशीच हसले. "पण नवव्या दिवशी दिलं हो परत," ते म्हणाले, आणि अर्जदाराकडे पाहत राहिले.

अर्जदाराने तत्काळ मुलीला फोन लावला. ती हातातले काम टाकून एक वाजून वीस मिनिटांनी धापा टाकत आली आणि तिने सदर चौकटीत सही केली. ही सही एवढ्या जोरात केली आहे की पानाच्या पुढच्या बाजूलाही उमटली आहे, ती खाडाखोड समजू नये.

तरी आता विनंती अशी, की वर विषयात मागितलेली दहा दिवसांची मुदत अजिबात देण्यात येऊ नये. घड्याळकाकांचे प्रकरण शुक्रवारची वाट न पाहता आजच्या आज मंजूर करावे. आपण फायलींचा ढीग कसा उपसता हे अर्जदाराने पाहिले आहे, आणि मुद्दा क्र. ४ मध्ये त्याबद्दल जे लिहिले ती तक्रार मागे घेतली आहे.

तसेच भिंतीवरील चित्र आहे त्या स्थितीत पूर्ण समजण्यात यावे. छत्रीवाल्या बाईंचा उजवा डोळा, बेकरीवाल्यांचे पाय आणि बहिणीचा चेहरा यांची जागा तशीच राहील. ही माणसे काम होऊन गेली, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि कार्यादेशातला मूळ विषय तोच होता. घड्याळकाकांच्या हातांच्या जागी कोरी भिंत दिसेल. ते मनाने काढता आले असते, पण अर्जदार काढणार नाही. तपासणीच्या वेळी कोणी त्याबद्दल विचारल्यास काय सांगायचे, हेही ठरून गेले आहे. मुलीची सही झाल्यावर काका पहिल्यांदाच उठून भिंतीपाशी गेले, भिंग लावून त्यांनी स्वतःला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, "सगळं आलंय. पण माझे हात कुठायत?" मुलगी म्हणाली, "दुकान उघडायला पुढे गेलेत, बाबा."

आपल्या तत्परतेपुढे हार मानलेला,
आपला नम्र,

(सही, घड्याळकाकांच्या पेनाने)
भिंतीवरचा चित्रकार

सोबत :
१) घड्याळकाकांचा परिपूर्ण अर्ज, पान तीन मागील बाजूसह. कृपया हा आधी पाहावा.
२) कार्यादेशाची प्रत, निळा डाग पडलेली.