कानाचा क्लेम

१ जानेवारी, बुधवार
संकल्प : यंदा आरोग्य विम्याची पॉलिसी समजून घ्यायची. मुलाने, ऋतुराजने, पुण्याला जाताना काढून दिली, तेव्हापासून कपाटात आहे. निमित्तही आहे. मला ऐकू कमी येतं. दिवाळीनंतर त्याचा फोन नाही. म्हणजे आला असणार, मला ऐकू गेला नसणार. जन्म चादरीच्या कारखान्यात मागांच्या खडखडाटात गेल्यावर दुसरं काय होणार? मिस्ड कॉलही दिसत नाही. फोन जुना आहे.

मीही लावू शकतो फोन. पण आधी रिपोर्ट हातात हवा. मग सांगता येईल, बाळा, तुझा दोष नाही, कानाचा आहे.

३ जानेवारी, शुक्रवार
पॉलिसी वाचली. इंग्रजी आहे, पण सोपी आहे. सगळं कॅशलेस. स्पेशालिस्ट, तपासणी, कानाचं मशीन. कार्ड दाखवायचं, सही करायची, घरी यायचं. लोक उगाच घाबरतात. पुढे अक्षर फार बारीक होतं. महत्त्वाचं असतं तर मोठं छापलं असतं.

६ जानेवारी, सोमवार
कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. काउंटरवरची पायल म्हणाली, नुसतं दाखवायला आलात तर कार्ड चालत नाही. फी, तपासणी खिशातून. मी तिला पॉलिसी समजावून सांगितली. मागच्या रांगेनेही ऐकली. तत्त्व म्हणून न दाखवता परत आलो.

संध्याकाळी एजंट सिदूला गाठलं. "अप्पा, ओपीडी त्यात बसत न्हाय की. चोवीस तास ॲडमिट व्हायला लागतंय." एवढंच ना! होऊ ॲडमिट. शिवाय म्हणाला, मागांचं नाव काढू नका, जुना आजार म्हटलं की कंपनी हात वर करते.

८ जानेवारी, बुधवार
सकाळी पिशवी भरली. टॉवेल, तांब्या, दाढीचं सामान. जादाची किल्ली शेजारच्या सावित्रम्मांकडे ठेवली. सांगितलं, ऋतुराज गड्ड्याच्या जत्रेला येईन म्हणाला होता. बेल वाजवून परत जाईल, तुम्ही दार उघडा. त्यांनी किल्ली खिळ्याला अडकवली.

पायलने विचारलं, ॲडमिट झालात तर सोबत कोण राहणार? मुलगा, म्हटलं. नंबर द्या, बोलावून घेते, म्हणाली. कामात असेल, म्हटलं.

डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून? मागांचं नाव घ्यायचं नव्हतं. दिवाळीपासून, म्हटलं. ॲडमिट कशासाठी करू, म्हणाले, आधी तपासणी करा. खिशातून केली. बंद खोलीत कानाला हेडफोन लावून बसवलं. शिटी ऐकू आली की बटण दाबायचं. शिट्या अगदी बारीक, तरी बोट आपोआप जायचं.

रिपोर्ट : दोन्ही कान वयाच्या मानाने उत्तम. डॉक्टरांनी अभिनंदन केलं. पिशवी घेऊन घरी.

९ जानेवारी, गुरुवार
त्यांचं मशीन बिघडलेलं होतं. पॉलिसीत दुसऱ्या डॉक्टरांचं मत फुकट मिळतं, हे मीच शोधून काढलं. सिदू म्हणाला, फक्त गंभीर आजाराला. हा गंभीर नाही, असं कंपनीला वाटतं. तरी बिल जोडून क्लेम टाकला.

किल्ली परत घेताना सावित्रम्मांना मशीनचं सांगितलं. "अप्पा, तुमची बेल माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येते," त्या म्हणाल्या. "कोणी वाजवतच नाही ती."

त्यांचंही वय झालं आहे.

१५ जानेवारी, बुधवार
गड्ड्याला बाहेरगावची खूप माणसं आली आहेत. मी घरीच थांबलो. कोणी आलं तर.

दुपारी न्हाणीत होतो. नळ चालू, दार बंद, शेजारी मिक्सर. फोन बाहेरच्या खोलीत उशीखाली. पहिल्याच रिंगला ऐकू आला. अंगावर साबण तसाच, धावलो.

विमा कंपनीची मुलगी. नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, तब्येत कशी आहे विचारलं. मग म्हणाली, क्लेम नामंजूर झाला आहे. ॲडमिट न होता डॉक्टरांना दाखवल्याचा खर्च तुमच्या पॉलिसीत बसत नाही. सगळं समजलं. स्वच्छ समजलं. आणखी काही मदत करू का, असंही विचारलं.

मी म्हटलं, जरा पहिल्यापासून सांगा, मला ऐकू कमी येतं.