दार उघडं होतं का?

॥ श्री ॥
मांडवी, रत्नागिरी
सोमवार, दि. १० नोव्हेंबर

चि. शुभंकर यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून चकित होशील. फोन असताना ही बाई कागद का काळे करते, म्हणशील. हल्ली फोनवर माणूस एकटा आहे की शेजारी आणखी कोणी कान देऊन बसलंय, ते कळत नाही, म्हणून. तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवतेय, कचेरीच्या नव्हे. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय झालेत, ते का ते तुला सांगायला नको. एका बैठकीत जमणार नाही, दोन-तीन दिवस घेईन.

इकडे सर्व ठीक. कलमांनी यंदा मोहोर सोडून पालवीच काढलीय. शेजारची हौसा रोज येते, भात टाकते, बांगडे साफ करते, माझी वेणीसुद्धा तीच घालते. सध्या या घरात तिचं राज्य आहे आणि ते ती मनापासून उपभोगते आहे.

तुमचं ते कॉफीच्या बिया भाजायचं यंत्र पडवीत गोणपाटाखाली ठेवलंय. 'जसं आहे तसं ठेवा, पुसू नका' असा कंपनीचा निरोप होता, म्हणून पुसलं नाही. मांजर त्यावर बसतं. त्याला निरोप मिळालेला नाही.

आता यंत्राबद्दल माझं मत. घरगुती चाचणी म्हणून दिलंत, तर मत ऐकून घ्यायला हवं.

आधी ती पुस्तिका. तिच्यात माझं नाव 'वापरकर्ता' आहे. जन्मभर विमा कंपनीत दावे तपासले, कोणी मॅडम म्हणालं, कोणी भाटकरबाई, तू आत्या म्हणालास. वापरकर्ता मात्र मी पहिल्यांदाच झाले. वापरकर्त्याने यंत्र पाण्यात बुडवू नये. वापरकर्त्याने चालू यंत्राच्या तोंडाशी चेहरा नेऊ नये. वापरकर्त्याने मद्यप्राशन करून बिया भाजू नयेत. तुमच्या त्या वापरकर्त्याचं एकदा मला दर्शन घडव रे. असा माणूस सकाळी उठून चड्डीत पाय कसे घालत असेल, हे पाहायचं आहे.

मग ते किंचाळणं. बिया घालून जरा टेकावं तर यंत्र ओरडतं आणि पडद्यावर विचारतं, 'आपण उपस्थित आहात का?' धावत जाऊन बटण दाबलं नाही की रुसून बंद. मी उपस्थित नसते तर बिया काय माझ्या भुताने घातल्या?

बरं, एवढी हजेरी घेऊन भाजतं काय? मूठभर. त्याही काविळीतून उठल्यासारख्या पिवळट. बी तडकल्याचा आवाज आला की खरी कॉफी तिथून सुरू होते, हे आमचे हे, म्हणजे तुझे काका, तुला मांडीवर घेऊन सांगायचे. बोटीवर फिटर होते, ब्राझीलच्या बंदरात कॉफीची चटक लागली. निवृत्त झाल्यावर आगरात पोफळींच्या सावलीत रोपं लावली. सगळ्या मांडवीने वेड्यात काढलं, पण बी धरलं. ते गेल्यावरही दरवर्षी धरतं. तुमचं यंत्र मात्र बी तडकल्याबरोबर घाबरतं आणि विस्तव काढून घेतं. गार करायचं तेही बिया पोटात ठेवून, दाराला कुलूप घालून. त्या उबेत बिया शिजत बसतात. मी आपली कढईतल्या बिया सुपात ओतायची, दोन वेळा पाखडायची, फोलपटं उडून जायची आणि बी हाताला गार लागायचं. एका सुपाला जे कळतं ते तुमच्या सगळ्या इंजिनिअरांना मिळून कळलेलं नाही.

हात भरून आला. म्हणजे डावा. उरलेलं उद्या.

मंगळवार

काल यंत्रालाच शिव्या घातल्या. आज ते तसं का झालं त्याबद्दल. तूच गणपतीत सांगितलं होतंस. आरती झाली होती, पाहुणे मोदक खाऊन पेंगत होते आणि आपण दोघं मागच्या पडवीत त्या खोक्यासमोर बसलो होतो.

"आत्या, हे माझं यंत्र नाही गं," तू म्हणालास. "माझ्या यंत्राला खटका होता. ओढला की बिया धबाधब खाली परातीत. तुझ्या सुपासारखं."

"मग खटका गेला कुठे?"

"आमच्या कायदा विभागातल्या वकीलबाईंनी काढला. गरम बी उघड्यावर येता कामा नये. कुठेतरी कुणाचं तरी पोर हात घालेल आणि दावा ठोकेल."

मग तू बोटांवर मोजत एकेक सांगत गेलास. फोलपटं पेट घेतात म्हणून बिया मूठभर. धूर होतो म्हणून काळपट भाजायचं नाही. परदेशात विकायचं तर तिथले नियम आणखी कडक, विमेवाल्यांच्या अटी त्याहून कडक. भाजायला ठेवून माणूस बाजारात जाईल म्हणून ती हजेरी. शेवटी दाराला चुंबकाची कळ, की दार उघडलं तर विस्तव बंद, आणि गार होईस्तोवर कुलूप. "माझं यंत्र वकिलांनी तासून तासून पोळपाट केलंय," असं म्हणालास आणि तुझे डोळे भरले होते. खोटं नाही सांगत, मलाही भरून आलं. दहावीपर्यंत माझ्याकडे होतास. कढईसमोर उभा राहून, मी उलथनं कसं फिरवते त्याची चित्रं काढायचास. त्या चित्रांचंच पुढे यंत्र झालं, हे मला ठाऊक होतं. त्या वकीलबाईंना मी तेव्हा मनातून इतक्या शिव्या घातल्या की बाप्पाने कान झाकले असतील.

मग तू उठलास, स्वयंपाकघरात गेलास आणि फ्रिजवरचं ते गणपतीपुळ्याचं चुंबक घेऊन आलास. देवळाच्या आकाराचं, आपण सगळे पुळ्याला गेलो होतो तेव्हा घेतलेलं. कळीच्या जागी चिकटवलंस, कुलपाच्या खाचेत काडेपेटीची काडी सारलीस आणि म्हणालास, "आता दार बंदच आहे असं त्याला वाटतंय. आता हे माझं यंत्र झालं. आत्या, हे फक्त आपल्या दोघांत हां."

भाजल्या आपण बिया. चॉकलेटी, तुकतुकीत. तू दार उघडून सुपात ओतल्यास, मी पाखडल्या. काका गेल्यापासून तशी कॉफी प्यायले नव्हते. एक पेला तू त्यांच्या फोटोसमोर ठेवलास.

जाताना चुंबक काढून गेला नाहीस. मीही काढलं नाही. कशाला काढू? घरात यंत्र होतं, ते आता चांगलं चालत होतं आणि ते माझ्या पोराने चालवून दिलं होतं.

बुधवार

आता दिवाळीनंतरचं. आत्तापर्यंत टाळलं. ते तुला सांगावंसं वाटत नव्हतं, आणि तुलाही ऐकावंसं वाटलेलं दिसत नाही, कारण तू ते अजून विचारलेलंच नाहीस. म्हणून न विचारता सांगते.

बी तडकलं, रंग मनासारखा आला, मी डाव्या हातात सूप धरलं आणि उजव्याने दार उघडलं. आत फोलपटं धुमसत असणार. वारा लागला आणि भपकन जाळ बाहेर आला. सूप पेटलं. उजवा तळहात आणि मनगट भाजलं. मी ओरडले म्हणे, मला आठवत नाही. हौसा कुंपणावरून उडी मारून आली. या वयात. तिने बादली माझ्यापुढे आपटली.

"मसनात गेला ता मशीन! आगो बाय, आदी हात पान्यात घाल! बाकीचा मागनं बगू!"

मग तिनेच तुला फोन लावला. 'आत्या भाजलीय' एवढं सांगून फोन माझ्या कानाला धरला. हात बादलीत होता. मला तुझा आवाज हवा होता, शुभंकर. आणखी काही नको होतं.

तू म्हणालास, "आत्या, दार उघडं होतं का?"

मला वाटलं, चुकून ऐकलं. मग तू म्हणालास, "तू दाराला काही लावलं होतंस का?"

मी काय नोकरी केली ते तू विसरलास. दावा आला की पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हे मी पोरासोरांना शिकवलंय. दुकान जळालं? कुलूप कोणाकडे होतं? बोट बुडाली? जाळी किती भरली होती? पहिल्या प्रश्नात माणसाला किती लागलं ते नसतं. पैसे कोणाकडून जायचे एवढंच असतं. तू तो प्रश्न मला केला नव्हतास. शेजारी बसलेल्या कुणाला तरी ऐकवत होतास. आणि मला ते कळलं त्याच क्षणी पलीकडून एक बाईचा आवाज आला, "मॅडम, मी दिशा, कंपनीच्या कायदा विभागातून. हात किती भाजलाय? वाहत्या पाण्याखाली धरा, बर्फ लावू नका. दवाखान्यात न्यायला कोणी आहे ना?"

हीच ना रे ती? यंत्र तासून पोळपाट करणारी? जिला मी गणपतीसमोर बसून शिव्या घातल्या? तिने मला कधी पाहिलेलं नाही. मी मूर्ख असेन, पोर असेन, प्यायलेली असेन, बाजारात गेलेली असेन, असं धरून तिने एकेक नियम केला. मला केवढा अपमान वाटला होता त्याचा. पण त्या प्रत्येक नियमात माझा हात होता. बिया ओतायला कोणीतरी हात पुढे करणार, हे तिला दिसलं. तू माझा हात कढईवर चालताना रोज बघत वाढलास आणि तुला तो दिसला नाही. तुला यंत्र दिसलं. मला वाईट वाटलं. राग नंतर आला, तो अजून आहे.

परवा तुझा दुसरा फोन. या वेळी एकटा होतास, आवाज बारीक होता. म्हणालास, यंत्राच्या नोंदीत दार बंद दिसतंय, म्हणजे कळ कोणीतरी फसवली आहे. पुढच्या शुक्रवारी व्हिडिओवर माझा जबाब घेणार. चुंबक तुझं निघालं तर नोकरी गेली, वर कोर्ट. माझं निघालं तर वापरकर्त्याची चूक, फाईल बंद, नाताळात यंत्र बाजारात. "आत्या, तू म्हणालीस की तूच लावलं, तर तुझं काय जाणार आहे? तुला कोण काय करतंय?"

खरंच, माझं काय जाणार आहे! मनगटाची कातडी गेलीच आहे. मुठीत उलथनं मावत नाही. डॉक्टर म्हणतात, व्यायाम केला तर बोटं मिटतील. यातलं काही तू दुसऱ्या फोनवरही विचारलं नाहीस. 'बरी होशीलच' म्हणालास. ते तर पोस्टमनही म्हणाला.

तुला वाटेल, आत्या आता चिडून खरं सांगणार. मी सांगणार नाही. चुंबक मीच लावलं असं शुक्रवारी सांगेन, काडीसकट, आणि असं सांगेन की कोणाला शंका येणार नाही. खोटे जबाब कुठे फसतात ते मला पाठ आहे. ही माया समजू नकोस. रस्त्यावर कोणी हात पसरला तर आपण नाणं टाकतो आणि त्याच्या तोंडाकडे न बघता पुढे जातो, तसं समज. तू मागितलंस, मी टाकलं.

दोन गोष्टी मात्र करायच्या. दाराची ती कळ चुंबकाला फसणार नाही अशी करायची. पुन्हा कोणत्या आत्याचा पुतण्या येईल सांगता येत नाही. आणि दिशा मॅडमना माझा नमस्कार सांगायचा. कशाबद्दल ते सांगू नकोस, तेवढी हिंमत तुझ्यात नाही.

पुळ्याचं चुंबक पुन्हा फ्रिजवर लावलंय. एका बाजूने काळं पडलंय, पण चिकटतं. गणपतीला यायचं तर ये, त्याला सगळे चालतात. येण्याआधी कळव, म्हणजे हौसाला सांगून पाहुण्यांसाठी चहा करून ठेवता येईल. कॉफी या घरात आता होत नाही.

हे पत्र वाचून जाळ. तुमच्या यंत्रात घालू नकोस, ते बंद पडेल.

खाली 'तुझी आत्या' लिहायला घेतलं होतं. 'तुझी'च्या पुढे हात चालेना, म्हणून ते खोडून, पुस्तिकेत तुम्ही मला जे नाव दिलंय तेच लिहिते. शुक्रवारपासून तेच खरं.

आपली,
सावित्री भाटकर,
वापरकर्ती