बर्फाखालची बारावी ओळ

तीर्थस्वरूप बाबांना,
सविनय नमस्कार.

गिर्यारोहकांच्या वाटेने चढले, तरी गुडघा मुळीच कुरकुरला नाही. आईला आवर्जून सांगा. तुमचा खोकला कसा आहे?

किल्ल्याच्या दाराशेजारचा शिलालेख अखेर पाहिला. तुम्ही ऐन हिवाळ्यात कागदावर घेतलेल्या ठशात अकरा ओळी आहेत, शिळेवर मात्र बारा. बाराव्या ओळीनुसार हा किल्ला राजाने नव्हे, मेंढपाळांनी बांधला! ज्याला मी अडाणी ठरवले होते तो वाटाड्या हसला, "बाई, सहलीची पोरंसुद्धा वाचतात ती!"

तेव्हा तळाशी बर्फ साचले होते का? त्याच ठशावर आधारलेला आपला ग्रंथ पुढच्या महिन्यात छपाईला जातो. थांबवू का, खरोखर सुचत नाही. तुमचा ठसा अपुरा म्हणायला लेखणी धजत नाही आणि चूक झाकायला तुम्ही कधी शिकवले नाही.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
तुमची थोरली