सोमवारी कपडे वाळतील का?

रविवार, ३ जून १९५६. दुपारचे जेवण झाल्यावर.

आजपासून नियमित रोजनिशी लिहायची. ज्या माणसाच्या अंदाजावर सगळे घर चालते, त्याच्या नोंदी नीट हव्यात. तो माणूस मी.

साधन: समुद्रशेवाळाची पट्टी, दीड फूट. गेल्या सप्टेंबरात स्कारबरोच्या समुद्रकिनाऱ्यावरून स्वतः आणली. पट्टी कडक झाली की ऊन, लिबलिबीत झाली की पाऊस. मी कामाला आहे त्या गिरणीतले लोक हसतात. हसोत. मी चौदाव्या वर्षी शाळा सोडली हे खरे, पण शुद्धलेखनात पहिला होतो.

पट्टी स्वयंपाकघरात चुलीच्या वर टांगली आहे. तिथे ती सारखी नजरेखाली राहते. तिथे मेव्हिसही असते. मेव्हिस म्हणजे घरमालकीण मिसेस हार्ग्रीव्ह यांची भाची.

आज जेवताना बाईंनी नेहमीप्रमाणे विचारले, "काय रे राजा, उद्या कपडे वाळतील का?" कोबी सकाळी दहापासून उकळत होता. वाफेतून वाट काढत जाऊन पट्टी चाचपली. एकदम मऊ. म्हणालो, "उद्या पाऊस." बाईंचा चेहरा उजळला. मला दुसरे यॉर्कशायर पुडिंग (गोड नव्हे, रोस्टबरोबरचे ते खारे, फुगीर) मिळाले, वर भरपूर ग्रेव्ही. अल्बर्टला एकच.

अल्बर्ट सटक्लिफ वरच्या खोलीत राहतो. बस कंडक्टर आहे. प्रत्येक पदार्थावर ब्राऊन सॉस ओततो, अंड्यावरसुद्धा. अशा माणसाशी स्पर्धा कसली?

निश्चय: तीस तारखेला चॅपलची सहल आहे. नदीकाठी, जेवण झाल्यावर, मेव्हिसला विचारायचे. वाक्य तयार आहे. सतरा शब्दांचे.

सोमवार, ४ जून.

लख्ख ऊन. प्रत्येक शास्त्रात अपवाद असतो.

आश्चर्य म्हणजे बाईंनी मी सांगूनही पहाटेच कपडे धुवायला काढले. शेजारच्या मिसेस क्रॅबट्री भिंतीवरून ओरडल्या, "तुमचा एडविन काय म्हणाला गं?" बाई म्हणाल्या, "पाऊस!" "बरं झालं बाई," म्हणत त्यांनीही चादरी बाहेर काढल्या. बायकांच्या तर्कशास्त्रावर कोणीतरी पुस्तक लिहायला हवे.

जेवायला रविवारच्या रोस्टचे थंड काप आणि बीट. सोमवारी चूल कपड्यांच्या पाण्यासाठी असते, माणसांसाठी नव्हे.

गुरुवार, ७ जून.

आज बाईंचा ब्रेड भाजायचा दिवस. चूल पहाटेपासून लाल. पट्टी बिस्किटासारखी कडक. मेव्हिस बाजाराला निघाली होती. तिने दारातून विचारले, "मिस्टर थ्वेट, आज कसं?" म्हणालो, "ऊन. निश्चिंत जा." तिने गोड हसून आभार मानले आणि खुंटीवरचा रेनकोट घेतला. सवय, दुसरे काय.

मी छत्री घेतली नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

संध्याकाळ: मोहरीच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसलो आहे. अल्बर्ट कोरडाच्या कोरडा घरी आला आणि जिन्यातून ओरडला, "अरेरे, वेधशाळा भिजली!" मी पाण्यात आणखी मोहरी टाकली.

बुधवार, १३ जून.

दहा दिवसांचे अंदाज तपासले. निष्कर्ष काढायला दहा दिवस थोडे आहेत.

रविवार, १७ जून.

अभिमानाचा दिवस. म्हणून सविस्तर लिहितो.

अल्बर्ट म्हणाला, "सहलीच्या हवेचं रेडिओला विचारू या की." बाईंनी चमचा खाली ठेवला. "रेडिओचं निम्मं खरं, निम्मं खोटं. त्याच्यावर कोण चादरी वाळत घालील? आमच्या एडविनचं तसं नाही. नऊ महिन्यांत एकदासुद्धा दगा दिला नाही पोरानं."

माझे कान तापले. अल्बर्टला ग्रेव्हीचा ठसका लागला. त्याच क्षणी टेबलाखाली मेव्हिसचा पाय मला लागला. जोरात लागला. अजून दुखते आहे. एवढ्या जोरामागे भावना असल्याशिवाय राहत नाही.

वाक्य आता तेरा शब्दांवर आणले आहे.

गुरुवार, २८ जून.

सहलीचे जेवण माझ्या शब्दावर अडले आहे. पाऊस असेल तर बटाट्याचे गरम पॅटिस आणि चहाचे थर्मास. ऊन असेल तर काकडीची सँडविचेस, सॅलड, केक-कस्टर्डचे ट्रायफल, सगळे गवतावर चादर पसरून. पाद्रीसाहेब उद्या माझा अंदाज ऐकायला येणार.

एवढ्या जबाबदारीला साजेशी काळजी घेतली पाहिजे. रात्रभर विचार करून एक शंका आली: कोबीच्या वाफेचा पट्टीवर थोडाफार परिणाम होत असेल काय? बाष्पीभवन म्हणतात ते. (शब्दकोशात पाहिले. 'ष' बरोबर आहे.) म्हणून आज पट्टी गुपचूप काढून परसातल्या पत्र्याखाली, मोकळ्या हवेत टांगली.

शुक्रवार, २९ जून.

वाईट बातमी. पट्टी ओल्या मोज्यासारखी लोंबते आहे.

जड अंतःकरणाने सांगितले, "उद्या पाऊस. दुपारच्या आत." आणि काय झाले! बाईंनी टाळ्या वाजवल्या. पाद्रीसाहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, "देव तुझं कल्याण करो, मुला." मेव्हिस म्हणाली, "बाई गं, मग मी निळा पातळ फ्रॉकच घालते!" पाच मिनिटांत काकड्या चिरायला सुरुवात.

मी म्हणालो, "रेनकोट तरी घ्या." सगळे म्हणाले, "हो हो हो." रेनकोट खुंटीवरच आहेत.

मी दोन छत्र्या बांधून ठेवल्या. एक माझी. एक मेव्हिससाठी.

शनिवार, ३० जून. संध्याकाळ.

अकरा चाळीसला पहिला थेंब. बारा वाजता ट्रायफल पोहायला लागले.

अडतीस माणसे एका ओकच्या झाडाखाली उभी होती. मी तेवढा छत्रीत, कोरडा. सगळे माझ्याकडे पाहत होते. मला वाटले, कौतुकाने. म्हणून नम्रपणे म्हणालो, "मी सांगितलं होतं."

मिसेस क्रॅबट्रींनी मला काकडीचे सँडविच फेकून मारले. ओले होते, त्यामुळे चिकटले.

बाईंची रविवारची हॅट गळत होती. "नऊ महिने एकदा चुकला नाहीस, मेल्या, आणि आजच मुहूर्त सापडला?"

"पण बाई, पाऊस तर पडतोय! मी बरोबर सांगितलं!"

"तेच तर म्हणतेय मी!"

मला काही कळेना. इतक्यात दुसरी छत्री उघडलेली दिसली. ती मी मेव्हिसला दिली होती. तिच्याखाली मेव्हिस होती, आणि दांडा अल्बर्टच्या हातात होता.

अल्बर्ट म्हणाला, "अरे वेधशाळा, तू ऊन म्हणालास की पाऊस येतो, पाऊस म्हणालास की ऊन पडतं. सगळी गल्ली त्याच्यावर कपडे वाळवते. तुला खरंच ठाऊक नव्हतं?"

मेव्हिसने त्याची बाही ओढली. "अल्बर्ट, नको ना सांगूस. वाईट वाटेल त्यांना."

सँडविच लागले नाही. हे लागले.

बसमध्ये बसून सगळ्यांनी ते सगळे खाल्ले. ओला ब्रेड, ओले सॅलड, पाण्यातले ट्रायफल. कोणी कुरकूर केली नाही. पाद्रीसाहेब खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "शेतांना बरा आहे." बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारची जागा रिकामी होती, तिथे मी छत्री ठेवली.

वाक्य बोललो नाही.

रविवार, १ जुलै.

एकच पुडिंग. लहान.

बाईंनी परसातून पट्टी आणली आणि स्वतःच्या हाताने कोबीच्या पातेल्यावर, आधीपेक्षा खाली टांगली. "इथून पुन्हा हलवलीस तर खोली खाली करायची. कळलं?"

वही तपासली. सत्तावीस अंदाज. सव्वीस चुकीचे. एक बरोबर. आता हे आकडे पुरेसे आहेत.

निश्चय: हवामान सोडायचे. पोस्टाने येणाऱ्या पुस्तिकांवरून बासरी शिकायची.

सोमवार, २ जुलै.

सकाळी बाई कपड्यांची टोपली कमरेवर घेऊन दारात उभ्या. "बोल." मी म्हणालो, "मी आता अंदाज देत नाही." त्या म्हणाल्या, "अंदाज नको रे राजा, नुसतं तुला काय वाटतं ते सांग." पाऊस, असे वाटत होते. तसे सांगितले. दुपारी गिरणीच्या खिडकीतून गल्लीभर पांढऱ्या चादरी उन्हात फडफडताना दिसल्या.

मंगळवार, १७ जुलै.

बासरीची पहिली पुस्तिका आली. बासरी वेगळी घ्यावी लागते.

रविवार, ५ ऑगस्ट.

जेवायला बसलो तर अल्बर्टने टाय लावलेला. केसही विंचरलेले. पुडिंग वाढून झाल्यावर बाई म्हणाल्या, "सांगा की आता."

पंधरा सप्टेंबर. शनिवार. चॅपलमध्ये लग्न आणि चहा चॅपलच्या बागेत, हवा बरी असेल तर.

मी अभिनंदन केले. त्या शब्दाचे शुद्धलेखन सोपे आहे.

मग मेव्हिस माझ्या खुर्चीशी आली. आजवर मिस्टर थ्वेट म्हणायची. आज म्हणाली, "एडविन, त्या दिवशी कसं असेल रे?"

सहा आठवडे आधी कोणत्याही पट्टीला सांगता येणार नाही. हे शास्त्र आहे. पण टेबलावरचे सगळे काटे-चमचे थांबले होते. अल्बर्टसुद्धा हसत नव्हता. मी चुलीकडे पाहिलेच नाही.

म्हणालो, "पाऊस."

"खरंच?"

"धो धो. सकाळपासून. बागेत पाऊलसुद्धा ठेवता येणार नाही."

मेव्हिसच्या डोळ्यांत पाणी आले. तिने माझा खांदा घट्ट दाबला आणि बाईंच्या गळ्यात पडली. "मावशी, बागेत! बागेतच करू या चहा!"

बाईंनी मला दुसरे पुडिंग वाढले. अल्बर्टने ब्राऊन सॉसची बाटली माझ्याकडे सरकवली.

पुडिंगवर ब्राऊन सॉस तसा वाईट लागत नाही.