गौरीच्या हातांचा कंद

आई, तुझा कळलावीचा वेल अजून जिवंत आहे. लालबागची चाळ पाडली, टॉवर झाला, गॅलरी गेली आणि खिडकीला जाळी आली; पण गावच्या बांधावरून तू आणलेला कंद दर पावसाळ्यात कुंडीतून वर येतोच. गौरीला अंग तेरड्याचं आणि हात कळलावीच्या फुलांचे, ही तुझी रीत मी मोडली नाही. वेल वाळला की कंद काढते, पुसते आणि डब्यात कोरड्या वाळूत घालून माळ्यावर ठेवते.

भीतीपण तुझीच घेतलीय बघ. आठवतं? मी लहान आहे, रताळं समजून कंद तोंडाला लावतेय, आणि तू असा फटका देतेस की तो उडून मोरीत पडतो. "थूक आदी! जीव जायत गो!" माझ्या तोंडात बोटं घालून तू चूळ भरायला लावलीस आणि मग तिथेच मोरीच्या कट्ट्यावर बसलीस. मला तुझा इतका राग आला! एवढं विष आहे तर लावतेस कशाला? "गौरीक हात नको काय?" म्हणालीस, तेही रडवेल्या आवाजात.

यंदा लेक पहिल्या बाळंतपणाला आलीय. मे महिन्यात एक दिवस मी बाजारातून आले तर डबा ओट्यावर उघडा, वाळू सांडलेली, कंद गायब. आणि ही बाई टेबलाशी बसून उकडलेली रताळी खातेय. आई गं! मी पिशवी टाकली आणि तिच्या हातातली बशीच उडवली.

"तोंड उघड! काय खाल्लंस?"

"रताळं गं! वेड लागलंय का तुला?"

"कंद कुठाय?"

"कुंडीत लावला. पावसाच्या आत लागला पाहिजे, तूच म्हणत होतीस ना? तुझी कंबर दुखते म्हणून मीच लावला." पोटावर हात ठेवून ती रडायला लागली. मी मात्र जिथे होते तिथेच फरशीवर बसले.

आज कोंब दिसला. लेक नुसती नाचतेय, बाळाच्या पहिल्या गौरीला घरचे हात म्हणून. मीही हसले. तुला एकटीला सांगते. त्या दिवशी कुंडी उकरून कंद डोळ्यांनी पाहिला, बोट लावून पाहिला, आणि तरीही आत येऊन उरलेली सगळी रताळी कचऱ्यात टाकली.