फक्त दोन इंच

ता. ४ जानेवारी

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

मी फोन सोडून पत्र लिहिलं म्हणजे नक्की काहीतरी हवं असणार, असं तू पाकीट फोडायच्या आधीच वहिनीला सांगितलं असशील. हवंच आहे. फोनवर तू आधी ओरडतोस आणि मग ऐकतोस, म्हणून पत्र.

माझी जीप उंच करायची आहे. सहा इंच. जनावरं तपासायला टेकडीवरच्या मेंढ्यांच्या वाड्यांपर्यंत रोज बावीस किलोमीटर जाते. त्यातला शेवटचा ओढा म्हणजे नुसते धोंडे. परवा तिथे जीपचं पोट अडकलं आणि चारही चाकं फिरत राहिली. तेवढ्यात वरून दगड आले. काच गेली, बॉनेट दबलं. मला काही झालं नाही, कंपाउंडरच्या हनुवटीला टाके पडले. फोटो जोडले आहेत. कुठली स्प्रिंग, कुठले शॉकॲब ते कळव. पुढे जाड लोखंडी बंपरही हवाय.

सासूबाई बऱ्या आहेत. वहिनीला नमस्कार. ओरडून झालं की लोभ असू दे.

तुझी,
बारकी

ता. ९ जानेवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

ओरडलो. वहिनीने ऐकून घेतलं. आता लिहितो.

गाडीचं नेमकं काय टेकलं ते आधी सांग. दोन चाकांच्या मधला डिफरन्शिअलचा गोळा टेकला असेल तर स्प्रिंग बदलून उपयोग नाही, तो मोठ्या टायरनेच वर जातो. गिअरबॉक्सखालची पट्टी टेकली असेल तर स्प्रिंगचा फायदा आहे. गाडीत रोज वजन किती असतं? औषधांची पेटी, मेंढरं, आणखी काय? सासूबाई बसतात का?

आता दुसरी गोष्ट. तीस वर्षं मी लोकांचे ठोकलेले पत्रे सरळ करतोय. दगड घरंगळत आला की पत्रा खरवडतो. तुझ्या बॉनेटवर एक ओरखडा नाही. चार घाव आहेत, शेजारी शेजारी, बोटभर रुंद. पाचवा तुझ्या दाराच्या खांबावर, बरोबर तुझ्या कानाच्या उंचीवर. हे दगडाचं काम नाही. हे पाइपचं काम आहे, आणि मारणारा उजव्या हाताचा आहे.

कोण आहे तो? खरं लिही. नाहीतर इथून लोखंडी पहार घेऊन निघतो आणि एकेकाचं मनगट मोडतो. थट्टा नाही.

आमची काळजी तुला कळत नसेल, तरी लोभ ठेव.

तुझा,
दादा

ता. १५ जानेवारी

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझ्यापासून काही लपवायचं तर फोटो पाठवायचे नाहीत, एवढं शिकले. गिअरबॉक्सची पट्टीच टेकली. वजन दीडशे किलोच्या आत. सासूबाई दर आठवड्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे येतात.

ओढ्यापलीकडच्या बंद खाणीत कुत्र्यांच्या झुंजी लावतात. चालवणाऱ्याला सगळे पट्टेवाला म्हणतात, कारण त्याच्या मनगटाला कायम चामडी पट्टा गुंडाळलेला असतो. त्याच पट्ट्याने तो हरलेल्या कुत्र्याला मारतो. तसलंच एक कुत्रं मेंढपाळाने दवाखान्यात आणलं. जबडा एका बाजूने सुटून लोंबत होता, एक डोळा नव्हता. तीन तास मी त्याला शिवत होते. शिवून झाल्यावर पोलिसांत गेले. धाड पडली, आणि तिसऱ्या दिवशी ओढ्यातले धोंडे बरोबर माझ्या चाकांच्या वाटेत आले. पाचजण होते. कंपाउंडर खाली उतरला, त्याला त्यांनी हनुवटीवर पाइप मारून पाडलं आणि पडल्यावर लाथा घातल्या. मी काचेमागे बसून हॉर्न दाबत राहिले. दुसरं काही सुचलं नाही. ते हसत होते, दादा.

म्हणून सहा इंच. त्यांचे हात खिडकीपर्यंत पोचू नयेत. आणि बंपर.

हे घरी अर्धंच माहीत आहे. ते अर्धंच राहू दे, आणि लोभही.

तुझी,
बारकी

ता. २२ जानेवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. पहार गाडीत ठेवली होती, वहिनीने काढून घेतली. तिचं म्हणणं, एकाच घरातली दोन माणसं एकदम तुरुंगात नकोत. तिने दोन का म्हटलं ते मला नंतर कळलं. तुझा तो बंपर तिला आवडलेला नाही. मलाही नाही. तो मिळणार नाही.

सहा इंचही मिळणार नाहीत. दोन इंच देतो. गिअरबॉक्सची पट्टी धोंड्यावरून निघेल, सासूबाई कडेला हात धरून चढतील आणि गाडी रोजच्या रस्त्यावर गाडीसारखी चालेल. सहा इंच केलीस की शाफ्ट घरघरतो, स्टिअरिंग हलकं होतं, आणि वेगात चाक वळवलंस तर गाडी आडवी होते. माझ्याच हातून असं एक काम झालं आहे. गिऱ्हाइकाने मागितलं, मी दिलं. गाडी उलटली तेव्हा आत त्याची बायको होती. त्यानंतर मी दोन इंचांच्या वर कुणालाही देत नाही.

स्प्रिंग आणि शॉकॲब पाठवतोय. पुढचे ब्रेकचे रबरी पाइप मी स्वतः बनवलेत, थोडे लांब. तुमच्या मिस्त्रीला सांग, चाक हवेत लोंबकळत ठेवून पाइप सैल राहतो ना, ते बघ. हेडलाइट खाली करून घे. आणि त्या रस्त्याने काही दिवस जाऊ नकोस, हे सांगून तू ऐकणार नाहीस, तरी सांगितलं.

रागात असलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
दादा

ता. १२ फेब्रुवारी

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

अक्षर वाईट आहे कारण डाव्या हाताने लिहिते. उजवा प्लास्टरमध्ये आहे.

सोमवारी सकाळी दवाखाना उघडायला गेले तर फाटकाला ते कुत्रं टांगलेलं. तसल्याच चामडी पट्ट्याने. माझ्या टाक्यांचे वण तसेच होते. मी ते खाली उतरवलं, पुरलं आणि हात धुऊन वाडीवर निघाले. कंपाउंडर नको म्हणत होता, तरी बरोबर आला. धोंड्यांवरून जीप सहज गेली, तुझे दोन इंच पुरले. वरच्या वळणावर पट्टेवाला उभा होता, एकटा, रस्त्याच्या मधोमध, हातात पाइप. मागून दोन मोटरसायकली.

जीप त्याच्यावर गेली. शेवटच्या क्षणी उजवीकडे वळली, म्हणून तो पुरता सापडला नाही. डावा पाय चाकाखाली आला. तो आवाज मी तुला सांगणार नाही. हाड बाहेर आलं होतं आणि रक्त उडत होतं. मोटरसायकली वळून पळाल्या. त्याच्याच मनगटावरचा पट्टा सोडून मी मांडीला आवळला. आवळत असताना त्याने पडल्यापडल्या पाइप उचलून माझ्या हातावर मारला. मी सोडला नाही. कंपाउंडरने त्याच्या छातीवर गुडघा ठेवला तेव्हा काम झालं. आम्हीच त्याला इस्पितळात नेलं. पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

पोलिसांनी जबाब घेतला. ब्रेक लागला नाही, असं मी सांगितलं.

जास्त लिहवत नाही. लोभ कर.

बारकी

ता. २० फेब्रुवारी

चि. बारकीस,
आशीर्वाद.

मी तुमच्या गावी येऊन गेलो. तुला भेटलो नाही.

तुमच्या मिस्त्रीच्या बायकोचा फोन आला होता. ब्रेक लागला नाही म्हणून पोलिसांनी त्याला उचललं, जीप का उंच केली, ब्रेकचे पाइप कुणी बदलले म्हणून. दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवला आणि हाणला. मी पोचलो तेव्हा तो आत होता, दिसला नाही. जीप आवारात होती. गाडीवाल्या बाईंचा भाऊ म्हटल्यावर हवालदाराने बघू दिली. मी आडवा होऊन खालून सगळं बघितलं. पाइप कोरडे आहेत, कुठे ताण नाही. पेडल पहिल्या दाबाला घट्ट. मग त्या वळणावर गेलो. रस्त्यावर वळल्याची खूण आहे. ब्रेकची नाही.

पाइप माझे आहेत हे मी ठाण्यात बोललो नाही. ते जुनं प्रकरण निघेल, गॅरेज जाईल, असलं काहीबाही डोक्यात आलं. चारचौघांत पहार घेऊन निघण्याच्या गोष्टी करणारा मी.

तुला एकच विचारतो. लागला नाही, की लावला नाहीस?

उत्तर काहीही असो, लोभ तेवढाच आहे.

दादा

ता. २६ फेब्रुवारी

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

लावला नाही.

तो दिसला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ते फाटक होतं. ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. त्याचा चेहरा मोठा होत गेला, त्याला कळलं की मी थांबणार नाही, आणि मला बरं वाटलं. मग हात वळले. मी ठरवून वळवले असं म्हणवत नाही. सहा इंच असते तर आम्ही तिघंही खालच्या दरीत असतो, हे मला प्लास्टर बघताना रोज कळतं.

काल ठाण्यात जाऊन जबाब बदलला. इन्स्पेक्टर आधी हसले. म्हणाले, त्या माणसावर आधीच आठ गुन्हे आहेत, कुणी विचारत नाहीये, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय. मी म्हटलं, लिहा. ‘लागला नाही’ खोडायला लावलं, ‘लावला नाही’ लिहायला लावलं आणि डाव्या हाताने सही केली. आता माझ्यावर खटला होईल. दवाखान्याचा परवाना राहील का, माहीत नाही. घरी आता सगळं माहीत आहे. सासूबाईंनी माझी वेणी घातली.

तिथून मिस्त्रीकडे गेले. त्याचा कान सुजून बंद झालाय. माझ्याकडे न बघता काम करत होता. मी माफी मागितली. नट आवळून झाल्यावर म्हणाला की ठाण्यात एकच विचारत होते, पाइप कुणी बनवले. प्रत्येक वेळी विचारून मारत होते. त्याने सांगितलं, मीच बनवले. का, असं मी विचारलं. म्हणाला, काम चोख होतं, असं काम करणाऱ्याला उगाच कशाला मार खायला लावायचा.

दादा, हे मी तुला लिहिणार नव्हते. पण आता मी काही अर्धं ठेवायचं नाही असं ठरवलंय. त्याला ऐकू कमी येतं, तेव्हा फोन करू नकोस. ये.

भेटेपर्यंत लोभ जपून ठेव.

तुझी,
बारकी